तुळाभाराचा गूळ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, गोकुळदासाच्या दुकानाच्या पायरीवर उभी असताना रेश्मा शेटगावकरला आपले वजन आठवेना. म्हणजे झाले होते एवढेच की तिच्या आईने, चंद्रावतीने, तुळाभारासाठी गूळ पाहिजे म्हणून सांगितले, आणि गोकुळदासाने सुपारी गालात सरकवत विचारले, "तुळाभाराक? बरा. मगे किती किलो होयो?" तेव्हा चंद्रावती मागे वळली आणि भाजीत मीठ किती घालू असे विचारावे तशा सुरात म्हणाली, "किती गो तू?" रेश्माने तोंड उघडले. अकरा वर्षे हा प्रश्न तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी तिने ग्रॅमसकट उत्तर दिले असते, उपाशीपोटी किती, पाणी प्यायल्यावर किती, केस ओले असताना किती. आज आत पाहिले तर तिथे काहीच नव्हते, कोणीतरी भिंतीवरचे घड्याळ उतरवून नेल्यावर नुसता खिळा राहावा तसे. "सत्तावन," तिचे तोंड सवयीने म्हणाले, आणि म्हणताक्षणी तिला कळले की ही थाप आहे. नाव वल्हवण्याचे शिबिर सोडून घरी आल्यापासून ती एकदाही काट्यावर उभी राहिली नव्हती. गोकुळदासाने पोत्यांसाठी ठेवलेल्या लोखंडी काट्याकडे बोट केले. "ह्याच्यार चढ बाय. देवाच्या कामाक अंदाज कित्याक?" रेश्मा एकदम मागे सरली, आमसुलांच्या टोपलीला तिची टाच लागली, आणि ती इतक्या मोठ्याने "सत्तावन म्हटलंय ना!" म्हणाली की समोरच्या केळीवालीने मान वर केली. गोकुळदासाने तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिले. जन्मभर नजरेनेच पोत्यांचे वजन ओळखणाऱ्या माणसाची ती नजर होती. "साठ घाल," चंद्रावती म्हणाली, "देवाक देताना हात आखडूचो नाय." मग गुळाच्या ढेपा मोजून पोत्यात गेल्या आणि बाजार पुन्हा आपल्या कामाला लागला.

टेंपोत ती आई आणि बाबा यांच्यामध्ये बसली, मागे गूळ. सगुण, तिचा बाप, डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून त्याने हा टेंपो घेतला होता. गाडी भरलेली असली की त्याला अजून बरे वाटे. "माझ्या ट्रकाक भरती कमी पडली तर काट्यारचो मुकादम गाळी घाली," तो गियर बदलत म्हणाला, "आणि हिका भरती जास्त झाली तर हिचो सर गाळी घाली. एकाच घरात दोन तऱ्हेचे काटे." हा विनोद तो गेली अकरा वर्षे करत होता आणि आज पहिल्यांदाच रेश्माला हसू आले नाही. सत्तावन. ती मांड्यांवर हात ठेवून बसली होती आणि तळव्यांखाली मांडी किती आहे ते चाचपत होती. टेंपोच्या खिडकीतून गरम वारा येत होता, रस्त्याच्या कडेला काजूची बोंडे चिरडून त्यांचा आंबूस वास पसरला होता, आणि तो वास नाकात जाताच तिच्या तोंडाला पाणी सुटले. तोंडाला पाणी सुटले म्हणजे थुंकायचे, हेच आधी मनात आले. हलक्या वजनाच्या गटात नाव वल्हवणाऱ्या पोरींना हे कोणी शिकवावे लागत नाही. शर्यतीच्या दिवशी, पाण्यात उतरण्याआधी, काट्यावर उभे राहायचे. एकोणसाठच्या वर कोणीही जायचे नाही, आणि एका नावेतल्या दोघींची सरासरी सत्तावनच्या वर जायची नाही. म्हणजे जोडीदारीण अठ्ठावन झाली तर तुम्ही छप्पन. रेश्माची जोडीदारीण अनुमोल केरळची, हाडापेराने मोठी, आणि बिचारी काहीही केले तरी अठ्ठावनच्या खाली उतरत नसे. तो एक किलो सहा वर्षे रेश्माने आपल्या अंगातून काढून दिला होता. दोन स्वेटर, वर रेनकोट, डोक्याला टोपी, आणि भर उन्हात धावणे. च्युइंगम चघळून बाटलीत थुंकत राहणे. बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तो गिळायचा नाही असे स्वतःला बजावणे. कुणाला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण शर्यत त्यामानाने सोपी असायची.

आणि तरी शर्यत होती, तीही काही खोटी नव्हती. म्हापशाच्या कॉलेजात असताना कोणीतरी क्रीडाखात्याची माणसे आली, पोरींना वल्ह्याच्या यंत्रावर बसवले, तिचे लांब हात आणि काडीसारखे अंग पाहून एकमेकांकडे पाहिले, आणि कोरगावची काजू गोळा करणारी पोर पुण्याच्या तळ्यावर जाऊन पोचली. गावात तेव्हा हसण्यावारी नेले सगळ्यांनी. आमच्याकडे खाडीत होडी घालणारा पुढे बघून वल्हवतो, ही म्हणे पाठमोरी बसून पुढे जाते. पण पहाटेच्या पाण्यावर कधीकधी दोघींची चारी वल्ही एकदम पाण्यात जात, एकदम बाहेर येत, आणि मग नावेच्या तळाखालून बारीक बुडबुड्यांचा आवाज सुरू होई. आईच्या मडक्यात पेज शिजते तेव्हा असाच आवाज येतो. तो आवाज सुरू झाला की रेश्माला वाटे, आता मला कोणी काही विचारू नये, माझे नावसुद्धा. पुढे पुढे मात्र तो आवाज ऐकताना तिला पेजच दिसायला लागली, वर तुपाचा ठिपका आणि बाजूला आंब्याच्या लोणच्याची फोड, आणि मग तो आवाज नकोसा झाला. आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या सकाळी ती काट्यावर उभी राहिली तेव्हा थोडे ग्रॅम जास्त भरले. तिने मुकाट्याने कात्री मागितली आणि न्हाणीघराच्या आरशासमोर आपली वेणी मानेपाशी कापली. त्या दिवशी त्यांना कांस्य मिळाले. फोटोत अनुमोल रडते आहे, आणि रेश्मा हसते आहे ते दात दिसतात म्हणून हसणे म्हणायचे. तो फोटो गोव्यातल्या वर्तमानपत्रांत आला, कोरगावात फटाके वाजले, आणि त्याच संध्याकाळी चंद्रावती एकटीच ग्रामदेवता सातेरीच्या देवळात जाऊन तुळाभाराचा नवस बोलून आली. पदकाबद्दलचाच नवस, असे सगळ्यांनी धरले, रेश्मानेही धरले. तो फेडायला तिला कधी सुट्टी मिळाली नव्हती.

टेंपो कोरगावच्या वळणावर आला. रस्त्यात भेटलेल्या दोघा-तिघांनी टेंपो थांबवून पोत्याकडे पाहिले, "तुळाभाराचो गूळ?" म्हणून विचारले, आणि मग रेश्माकडे पाहून चेहरा पाडला. हा पडलेला चेहरा तिला आता पाठ झाला होता. ऑलिंपिकातून हलक्या वजनाचा गट काढून टाकला, मग एकेका स्पर्धेतून तो जाऊ लागला, आणि शेवटी पुण्याच्या तळावर प्रशिक्षक सदाशिव सरांनी सगळ्यांना धक्क्यावर बोलावून सांगितले की ह्या गटाचे शिबिर बंद. अनुमोल तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. रेश्माने तिला मिठी मारली. मिठी मारताना तिच्या पोटात काहीतरी सैल झाले, करकचून बांधलेल्या गाठीचा एक पीळ सुटावा तसे, आणि तिला वाटले हे दुःख असणार. दुःख असे कुठे पोटात सैल होते का? ती खानावळीत गेली, ताटात भात घेतला, वर आमटी घेतली, आणि पहिला घास तोंडात गेल्यावर तिला समजले की आपल्याला बरे वाटले आहे. नुसते बरे नाही, फार फार बरे वाटले आहे. सुंठीवाचून खोकला गेला. आणि समोर खिडकीतून अनुमोल दिसत होती, डोक्याला हात लावून बसलेली, दोघींच्या जन्माची कमाई पाण्यात गेलेली, आणि इथे ही बया भात कालवते आहे. तेव्हापासून तो भात तिने कोणाला सांगितला नव्हता. गावात लोक "किती वायट झाला गो" म्हणाले की ती मान खाली घाली. मान खाली घातली की चेहरा दिसत नाही, एवढा त्यात फायदा होता.

घरी आल्यावरचे पहिले दिवस ती चोरासारखी जेवत होती. मग एका सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजला, चंद्रावतीने गरम गोल पाव, उंडे, घेतले, काल रात्रीचे सुंगटांचे हुमण, कोळंबीचे कालवण, गरम केले, आणि रेश्माने एक उंडो पुसून खाल्ला आणि काही विचार न करता म्हणाली, "आई, आणखी एक आसा?" चंद्रावती उठून आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात उंडो होता आणि पदर ओला होता. चुलीचा धूर, असे रेश्माला वाटले. दुसऱ्याच दिवशी आईने तुळाभाराचे काढले. "आता कसलो तुळाभार?" रेश्मा म्हणाली, "गटच गेलो." "नवस पावलो म्हणान," एवढेच आई म्हणाली. नवस कशासाठी ते फेडेपर्यंत तोंडातून काढायचे नसते, असा कोरगावातला शिरस्ता आहे, त्यामुळे पुढे विचारण्यात अर्थ नव्हता. सोमवार ठरला. आणि त्याच आठवड्यात सदाशिव सरांचा फोन आला. खुल्या गटात जागा आहे, तुझे हात लांब आहेत, तंत्र आहे, फक्त आता वजन वाढवायचे, सत्तरपर्यंत ने, मी तक्ता पाठवतो. सोमवारपर्यंत सांग. रेश्मा फोन कानाला लावून अंगणात उभी होती आणि तिला पुन्हा तो काटा दिसला, फक्त आता तो दुसऱ्या टोकाने तिच्याकडे पाहत होता. नाही म्हणायचे तर कारण काय सांगायचे? दमले? भ्याले? एवढी वर्षे सरकारने, सरांनी, गावाने जीव लावला, आणि ही म्हणणार, मला बरे वाटते आहे? सर, गावात रेंज नाही, सोमवारी करते, असे सांगून तिने फोन ठेवला. रेंज चांगली होती.

आता पडवीत साठ किलो गूळ होता, आणि त्यातले सत्तावन तिच्या थापेचे. पोत्याभोवती आईने मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढली होती. रेश्मा येता-जाता त्या पोत्याकडे बघे. देवळातले पारडे खाली बसले आणि गूळ कमी पडला तर? सगळ्या गावासमोर, मानकरी शांताराम गावकरासमोर, सातेरीसमोर काट्यावर जास्त भरणे! ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे होते खरे, तुळाभार करायचा आणि भार लपवायचा, पण हे तिला तेव्हा सुचले नाही. अंगाला जे सुचले ते अंगाने केले. शनिवारी सकाळी तिने ट्रंकेतून शिबिराचा रेनकोट काढला, आत दोन स्वेटर घातले, "बागेत जातंय" म्हणून सांगितले आणि काजूच्या चढणीवर धावायला लागली. दुपारी जेवताना "पोट भरल्यासारखा वाटता" म्हणाली. पोदेर आला तेव्हा ती न्हाणीत शिरली. आणि गंमत अशी की पहिल्या चढणीनंतर पाय जड झाले, छातीत जाळ झाला, तोंड कोरडे पडले, तेव्हा तिला एक प्रकारचे समाधान वाटले. ओळखीचे. जुन्या खोलीत परत गेल्यासारखे, जिथे पलंग टोचतो पण कुठे काय आहे ते अंधारातही सापडते. मी इतकी वर्षे भुकेली होते की भूक म्हणजेच मी, असे काहीसे तिच्या डोक्यात आले आणि तिला रडू फुटले. पण रडण्यानेसुद्धा वजन उतरते असा हिशेब लगेच मागोमाग आला, आणि ती रेनकोटात, एप्रिलच्या उन्हात, काजूच्या झाडाला धरून एकटीच हसत सुटली.

रविवारी चंद्रावतीने तिला तिथेच गाठले. ती बोंडे गोळा करायला आली होती, डोक्यावर टोपली, हातात काजू पाडायची काठी. रेश्मा रेनकोटात घामाने थबथबलेली खडकावर बसली होती. चंद्रावतीने तिच्याकडे पाहिले, रेनकोटाकडे पाहिले, वर सूर्याकडे पाहिले. खाली बोंडे मळायच्या जागेवरून तिने कळशीतला निरो आणला, बोंडांचा ताजा गोड रस, आणि करवंटीत ओतून पुढे केला. "पी." रेश्माने घोट घेतला. थंड, गोड, किंचित तुरट. लहानपणचा सगळा उन्हाळा त्या घोटात होता. तिने तो तोंडभर फिरवला, आणि मग मान वळवून खडकामागे थुंकून टाकला. जितक्या सहज माणूस दात घासून चूळ भरतो तितक्या सहज. तिच्या ते लक्षातही आले नसते, पण करवंटी परत देताना तिने आईचा चेहरा पाहिला. आईचा असा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, बाबांच्या ट्रकाला अपघात झाल्याचा निरोप आला तेव्हा.

"मगे उद्या देवळात जावचा नाय," चंद्रावती म्हणाली.

"कित्याक?"

"देवीक खोटा सांगूक मी जावचंय नाय."

"कसला खोटा? पदक मिळाला ना? गूळ हाडलो ना?"

"तुझ्या पदकाचा काय घेवन बसलस," चंद्रावती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन उतरणीला लागली. दहा पावलांवर थांबून तिने मागे न बघता सांगितले, "आज तू जेवलस काय मी जेवतलंय. नाय तर नाय."

तिने तसेच केले. घरी गेल्यावर तिने चुलीवर भात केला, बांगड्यांचे तिखले केले, सोलकढी केली, सगुणाला वाढले, आणि आपण दाराशी भिंतीला टेकून बसली. सगुण एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे पाहत गप जेवून उठला. अशा वेळी पुरुषाने मध्ये पडायचे नसते एवढे त्याला ट्रकाच्या धंद्यानेही शिकवले होते. दुपार टळली. तिखले थंड झाले. रेश्माने एक-दोनदा "तू जेव गो आई, माका खरांच भूक नाय" म्हणून पाहिले, पण चंद्रावतीला साखरेचे दुखणे होते, उपाशी राहिली की तिचे हात कापत, आणि आता ते कापायला लागले होते. ती ते पदराखाली लपवत होती. आपण बाटलीत थुंकायचो ती बाटली अशीच टॉवेलखाली लपवायचो, हे रेश्माला आठवले, आणि तिला फार राग आला. कोणाचा ते तिला ठरवता येईना. आईचा, सरांचा, अनुमोलच्या त्या एका किलोचा. त्या रागातच तिने पाट ओढला. "वाढ," ती म्हणाली. "दोगांकय वाढ." मग दोघी जेवल्या. पहिले चार घास रेश्माने भीत भीत गिळले, प्रत्येक घासामागे आकडा चढत होता; पाचव्या घासाला तिखल्यातले तिरफळ दाताखाली आले, जीभ झणझणली, आणि त्यानंतर आकडे कुठे गेले तिला कळले नाही. दोन वेळा भात घेतला. सोलकढी वाटीला तोंड लावून प्यायली. हात धुताना मात्र ती पुन्हा घाबरली, आता साठात काही आपण मावत नाही. "उद्या जावया ना?" तिने विचारले. चंद्रावतीने तिच्या ताटाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "जावया," ती म्हणाली.

सातेरीच्या देवळाच्या मंडपात तुळाभाराची तागडी वरच्या तुळईला दोरखंडाने टांगतात. दोन मोठी लाकडी पारडी, आणि मध्ये दांडीवर पितळेचा एक काटा, तो उभा राहिला की झाले. सोमवारी सकाळी गाव बऱ्यापैकी जमला होता. पदकवाल्या चेडवाचा तुळाभार, म्हणून शेजारच्या पालये-केरीकडचेही चार लोक आले होते. रेश्मा नव्या साडीत उभी होती, हातभर हिरव्या बांगड्या, कानात आईच्या कुड्या, आणि सगळे मिळून हे किती ग्रॅम झाले असेल याचा विचार करत होती. शांताराम गावकर देवीसमोर उभा राहिला. गावचे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा, आणि आवाज असा की देवीने ऐकले नाही तरी खालच्या वाड्याला ऐकू जावे.

"गे माये सातेरी, बारा वहिवाटीचे माये! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. चंद्रावती सगुण शेटगावकार हिणा तुका तुळाभार बोललेलो. तो आज ती पुरो करता. तां गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप म्हणाला.

"कित्याक बोललेलो," शांताराम वळून म्हणाला, "ता आता तिणाच आपल्या तोंडान सांगूचा."

चंद्रावती पुढे झाली. इतक्या लोकांत तिला कधी बोलावे लागले नव्हते. तिने पदर घट्ट धरला. "चेडवान पदक हाडल्यान त्या दिसा पेपरात फोटो इललो," ती देवीकडे बघत म्हणाली. "सगळे म्हणाले पदक बघ, पदक बघ. माका पदक दिसूक नाय. माका तिची हाडां दिसली. कापलेले केस दिसले. मी सांजेक हय इलंय आणि तुका सांगलंय, माये, पदकां द्यायची तर दी, नाय तर नको दी. पण माझ्या चेडवाक भूक लागां दी. तिणा आपल्या तोंडान मागून खावां दी. त्या दिसा तिच्या भाराचो गूळ तुका घालतलंय." तिचा आवाज जरा अडला. "आता परवां तिणा माझ्याकडे दुसरो उंडो मागलो. म्हणान इलंय."

"व्हय म्हाराजा!" असे म्हणायची ही जागा होती, पण मागून कोणीतरी म्हातारीने हळूच "व्हय गे माये" म्हटले, आणि सगळ्यांनी तेच म्हटले.

रेश्मा खांबाला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे खानावळीतला तो भात आला, वर आमटी, आणि खिडकीबाहेर अनुमोल. जे तिने चोरीसारखे लपवून ठेवले होते ते इथे आईने चार वर्षांपूर्वीच देवीकडे मागून ठेवले होते, उघड, गुळाच्या भावाने. मग तिने कोणाचे काय चोरले होते? सगळ्या अंगातून एकदम वारा निघून जावा तसे तिला झाले, आणि तिला खरोखर खाली बसावेसे वाटले. पारडे समोरच होते. ती जाऊन त्यात बसली.

सगुणाने ढेपा चढवायला सुरुवात केली. एक, एक, एक करत पोते रिकामे झाले. तिचे पारडे जमिनीला टेकलेलेच होते. साठ किलो गूळ समोर वर लोंबकळत होता आणि ती खाली, सगळ्या गावादेखत. मंडपात कुजबुज झाली. रेश्माच्या कानात तोच जुना आवाज, वजनाला नाव पुकारणाऱ्या पंचाचा. तिने पोट आत घेतले, श्वास धरला, आणि तिचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जाऊन बांगड्या उतरवू लागला. दोन उतरल्या. मग हात कानातल्या कुडीकडे गेला.

चंद्रावतीने येऊन तो हात धरला. "काय करतस गो?"

"जास्त झालंय."

"जास्त झालंय!" चंद्रावती म्हणाली आणि इतक्या मोठ्याने हसली की शांताराम गावकरही हसला. "अगो, देवीकडे कोण जास्त भरता? घाल त्यो बांगड्यो परत. देवीक कमी दितस?" मग तिने मंडपाकडे वळून हाक दिली, "गूळ कमी पडलो ओ! घरात काय आसा ता हाडा!" आणि लोक उठले. देवळाजवळच्या घरांतून नारळ आले, शांतारामाच्या सुनेने केळीचा घड आणला, कोणी सुक्या काजूची पिशवी आणून ठेवली, पालयेच्या एका बाईने आपल्या पिशवीतले कलिंगडच काढून पारड्यात घातला, आणि त्यावर फार हशा झाला. दर वेळी समोरचे पारडे थोडे खाली येई आणि रेश्माच्या खालची जमीन थोडी सुटे. आई नारळ ठेवायला वाकली तेव्हा रेश्मा हळूच म्हणाली, "आई, गट बंद झालो तेवा माका बरा वाटलेला. खूब बरा वाटलेला."

"माका काय ठावक नाय?" चंद्रावती म्हणाली. "मीच मागितलेला ता." आणि तिने नारळ ठेवला.

पारडे उचलले गेले. पाय जमिनीवरून सुटले आणि ती हवेत किंचित हेलकावली, पहाटे धक्का सोडताना नाव पाण्यावर हेलकावते तशी, आणि मग दांडी स्थिर झाली. पितळेचा काटा उभा राहिला. "बरोबर!" सगुण ओरडला, आणि चौघडा वाजला. बरोबर म्हणजे किती, असे रेश्माच्या ओठांवर आले. तिने गूळ पाहिला, नारळ, केळी, काजू, ते वेडे कलिंगड. हे मिळून किती किलो होते ते ह्या तागडीला सांगता येत नव्हते, आणि तिथे बसलेल्यांपैकी कोणाला ते जाणून घ्यायचेही नव्हते. सरांना संध्याकाळी फोन करायचा होता. नाही म्हणायचे, आणि का, ते तिला आता ठाऊक होते, आणि ते सांगताना मान खाली घालायची गरज नव्हती. कधीतरी पुढे ती पुन्हा वल्ही हातात घेईल, किरणपाणीच्या बाजूला, खाडीत, जेवून.

तिला उतरवल्यावर शांतारामाने नारळ फोडला, गुळाची एक ढेप फोडून देवीपुढे ठेवली, आणि प्रसाद वाटायला घेतला. चंद्रावतीने एक मोठा खडा उचलून लेकीच्या तळहातावर ठेवला. रेश्माने तो तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि हात पुन्हा पुढे केला.